अर्ध्या पावलाचा फोकस

आमच्या घरात आईचा एकही धड फोटो नाही, आणि मी धंद्यानं फोटोग्राफर आहे. आता बोला. मुकुंदवाडीत स्टेशनच्या रस्त्याला माझा आणि माझ्या भागीदाराचा, सम्यकचा, स्टुडिओ आहे. तीनशेच्या वर लग्नं झाली असतील. नवऱ्या, करवल्या, रुसलेले मामा, एवढंच काय, वरातीतल्या घोड्याचेसुद्धा फोटो काढून झाले, आणि आईचा म्हणाल तर आधार कार्डावरचा. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते.

ती फोटोला येत नाही असं नाही. हाक मारली की येते. पदर सारखा करते, लायनीत उभी राहते आणि मी फोकस लावेपर्यंत अर्धं पाऊल मागं गेलेली असते. वडील गेले त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासूनचं हे. बारसं असो, वास्तुशांत असो, जिथं चार बायका ओळीनं उभ्या राहतात तिथं आमची आई त्या ओळीच्या जराशी मागं. कुणी सांगत नाही तिला. तिचे पायच सरकतात. नवरा गेलेल्या बाईनं शुभकार्यात पुढं पुढं करू नये, हे तिनं स्वतःच्या मनाशी कधीतरी ठरवून टाकलं आणि त्यावर पुन्हा कधी चर्चा केली नाही.

अर्धं पाऊल म्हणजे किती? फूट, सव्वा फूट. मोबाईलच्या फोटोत ते कळतही नाही. पण मी मोबाईलवर काढत नाही ना. माझ्याकडं पन्नास एमएमची लेन्स आहे, एक पॉइंट चारची. म्हणजे तिचं भोक इतकं मोठं उघडतं की माणूस तेवढा लख्ख येतो आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. गिऱ्हाइकं यावरच तर जीव टाकतात. ‘मागचं उडवा बरं का,’ हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकतो. मागं उकिरडा असो की देशी दारूचं दुकान, लेन्स उघडी ठेवली की सगळं उडतं. फक्त एक भानगड असते. फोकसचा थर फार पातळ होतो. त्या थरात उभा राहील तो स्पष्ट, बाहेर गेला तो विरला. मोठी फ्रेम केली की ते जास्तच दिसतं. आणि आई प्रत्येक वेळी नेमकी त्या थराबाहेर जाऊन उभी राहते. अकरा वर्षांच्या अल्बमांत तिची साडी आहे, हातातली पिशवी आहे, चेहरा मात्र पाणी पडलेल्या शाईसारखा.

दीपमालाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं. ती नाशिकला जायच्या आधी एक फोटो काढायचा. दीपा आणि आई एका फोटोत, दोघींचे चेहरे स्पष्ट, आणि तो फोटो मोठ्ठा करून बैठकीत लावायचा. वडिलांचा हार घातलेला फोटो तिथं आहे. आईचा का नसावा?

साखरपुड्याला पहिला प्रयत्न केला आणि तोंडावर आपटलो. घरी येऊन फोटो पाहिले तर आई पुन्हा विरलेली. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो.

“आई, तू परत मागं गेलीस.”

“कुठं गेले? तिथंच तर व्हते.”

“हे बघ. हे तुझं तोंड. ओळखू येतंय का?”

तिनं पिठाचे हात तसेच धरून मान पुढं केली. “साडीवरनं येतंय की.”

माझं डोकं फिरलं. मी नको तेवढ्या मोठ्यानं बोललो. “एकदा, फक्त एकदा, पोरीच्या लग्नात तरी सरळ लायनीत उभी राह. सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून. कुणाची चोरी आहे का तुला?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, मग म्हणाली, “बघू.”

आईचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे आम्हा दोघा भावंडांना लहानपणापासून पाठ आहे. मी तो नाद सोडला आणि बाहेर येऊन उगीच कपाटांची उघडझाप करत बसलो.

त्याच आठवड्यात सम्यकनं एका दुसऱ्याच लग्नातला फोटो माझ्यासमोर आपटला. सम्यक माझ्यापेक्षा हुशार आहे आणि ते त्याला माहीत आहे, ही त्याची एकच वाईट सवय. फोटोत आठजण सरळ लायनीत उभे होते. मधले चार लख्ख. दोन्ही टोकांची माणसं मऊ, डोळे पार लोळागोळा. टोकाला नवरीच्या मावशी होत्या आणि मावशींच्या मागं एक खुर्ची. मावशी विरल्या होत्या, पण खुर्चीच्या पाठीवर रंगवलेलं मंडपवाल्याचं नाव कोरल्यासारखं वाचता येत होतं. फोन नंबरासकट.

“सगळे एका लायनीत असून असं कसं?” मी विचारलं.

“लाईन सरळ आहे, तुझा फोकस सरळ नाही,” तो म्हणाला. “आपल्याला वाटतं फोकसचा थर भिंतीसारखा सपाट असतो. या लेन्सचा वाकडा आहे. उलटा ठेवलेला तवा बघ, मधे फुगीर, कडेला उतरता. मधला माणूस तव्याच्या मधे. टोकाच्या माणसाला स्पष्ट यायचं तर त्यानं कडेबरोबर मागं जायला पाहिजे. खुर्ची मागं होती, ती आली. मावशी गेल्या. फिल्ड कर्व्हेचर म्हणतात याला. काही लेन्सांत उलटं असतं, कडा पुढं येतात. तुझ्या लेन्सची कड मागं जाती.”

लेन्स मी शहागंजातून जुनी घेतली होती. विकणाऱ्या चाचांनी तेव्हा सांगितलंही होतं, “बीच में तो हीरा है, हीरा. कोनों का पूछो मत. कोने जरा मिजाजी हैं.” मी हसण्यावारी नेलं होतं. आता मी फोटोतल्या त्या खुर्चीकडं बघत होतो आणि माझे पाय जागेवर राहीनात. उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो.

“सम्यक, आईला टोकाला उभं करायचं.”

“मग?”

“मग काय! सरकू दे ना तिला. ती अर्धं पाऊल मागं जाणार, फोकस पण अर्धं पाऊल मागं गेलेला. सगळी दुनिया लायनीत विरघळेल आणि माझी आई स्पष्ट येईल.”

सम्यकनं लेन्सवरची कडी फिरवून दाखवली. “भाऊ, त्यापेक्षा अ‍ॅपर्चर आठवर ने. भोक बारीक कर, थर जाड होतो. आई काय, तिच्या मागची भिंतसुद्धा स्पष्ट येईल. झंझट खतम.”

“मग मागचं उडणार नाही.”

“नाही उडलं तर कुणाचं काय जातं?”

“तुला नाही कळायचं.”

खरं तर मलाच कळत नव्हतं. आठवर कुणीही काढतं. मला त्या अर्ध्या पावलाचा सूड घ्यायचा होता. अकरा वर्षं ज्या पावलानं माझे फोटो नासवले, त्याच पावलावर मला आईला पकडायचं होतं. हे एकदा डोक्यात बसलं आणि दुसरं काही सुचेना.

लग्न आठ दिवसांवर होतं. लोक पत्रिका वाटत होते, मी गच्चीवर खुर्च्या मांडत होतो. सात प्लास्टिकच्या खुर्च्या सरळ ओळीत, प्रत्येकीच्या पाठीला चिमट्यानं पेपरचं पान. बारा फुटांवरून मधल्या पानावर फोकस लावायचा, फोटो काढायचा, टोकाची खुर्ची चार बोटं मागं सरकवायची, परत काढायचा. मथळा कधी वाचता येतो ते बघायचं. ऊन चढलं की कपाळावरचा घाम कॅमेऱ्यावर गळायचा. दुसऱ्या दिवशी आई शेवया वाळत घालायला वर आली आणि माझ्या दोन खुर्च्या उचलून तिनं त्यावर सरळ चादर टाकली. मी तिच्यावर खेकसलो. तिनं चादर काढली आणि शेवया पायऱ्यांवर नेल्या. दीपा खालून ओरडली, “दादा, माझं लग्न आहे की खुर्च्यांचं?”

तिसऱ्या दिवशी हिशोब लागला. टोकाची खुर्ची चौदा इंच मागं गेली की पेपरमधल्या बारीक जाहिराती वाचता येत होत्या. आता आईचं पाऊल मोजायचं राहिलं. आमच्या ओसरीच्या फरश्या फुटाफुटाच्या आहेत. घरी देवक बसवलं तेव्हा बायका ओवाळायला उभ्या राहिल्या आणि मी मोबाईलमध्ये बघण्याचं सोंग करत आईच्या पायांकडं बघत होतो. एक फरशी आणि वर दोन बोटं. चौदा इंच! मला टाळी वाजवावीशी वाटली. स्वतःच्या आईनं मागं सरकल्याचा आनंद झालेला बहुतेक मी पहिलाच माणूस असेन.

काकासाहेब लग्नाच्या आदल्या सकाळी बीड बायपासच्या लॉनवर सगळं बघायला आले. काकासाहेब म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचं नावच काकासाहेब, त्यामुळं हाक मारायचा प्रश्न आपोआप मिटलेला. वडिलांच्या जागी कन्यादान तेच करणार होते. माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक गोष्टीत त्यांना आपला मान कुठं ठेवलाय ते आधी बघायचं असतं. ग्रुप फोटोची जागा त्यांनी बघितली. मागं पाण्याचा टँकर, जनरेटर आणि आचाऱ्यांची काळी पातेली.

“हे सगळं उडव बरं का किसना. पाव्हण्यांच्या अल्बमात टँकर नगं दिसाया.”

“उडवतो.”

“अन् मी कुठं?”

“तुम्ही एका टोकाला, आई दुसऱ्या.”

“टोकाला? कन्यादान मी करायचं अन् उभं राहायचं टोकाला?”

“घरातली मोठी माणसं दोन्ही बाजूंनी पाहिजेत ना, काका. आधारासारखी.”

ते त्यांना पटलं. छाती काढून, मागं न सरकता उभ्या राहणाऱ्या माणसाचं दुसऱ्या टोकाला काय होणार, ते मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू, मला थोडी मजाही वाटली.

लग्नाच्या दिवशी बाकीचे सगळे फोटो सम्यक काढत होता. मी नवरीचा भाऊ. मला पाहुणे बघायचे होते, पंगत बघायची होती, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अक्षता पडल्या तेव्हा मी ढगांकडं बघत होतो, उजेड टिकतो की नाही म्हणून. कान पिळायला मला बोलावलं तेव्हा मी नवरदेवाचा, सत्यमचा, कान इतका जोरात पिळला की बिचारा कळवळला. दोनदा जाऊन फोटोच्या जागेवर चुन्यानं मारलेली रेघ पुसली तर नाही ना, ते पाहून आलो.

दुपारी एकच्या सुमाराला सगळ्यांना गोळा केलं. रेघेवर सातजण उभे केले. एका टोकाला काकासाहेब, मग काकू, सत्यमचे वडील, मधे सत्यम, त्याच्याजवळ दीपा, मग दीपाच्या सासूबाई, आणि दुसऱ्या टोकाला आई. तिनं मोरपंखी साडी नेसली होती. दीपानं आणलेली. मी बारा फुटांवर आलो, लेन्स पूर्ण उघडली आणि दीपाच्या डोळ्यांवर फोकस लावला. मग नजर कडेला नेली आणि वाट बघू लागलो.

आई सरकली नाही.

मी थांबलो. पदर सारखा झाला, हात पोटाशी आले, आता सरकेल, आता सरकेल. नाही. ती रेघेवर उभी होती. चपलांचे अंगठे बरोबर चुन्याला टेकलेले. तिचा खांदा सासूबाईंच्या खांद्याला लागलेला. मान वर. ती सरळ माझ्याकडं बघत होती आणि जरा हसत होती. कॅमेऱ्याकडं नाही, माझ्याकडं.

ते हसणं काय होतं, हे मला त्या वेळी वाचता यायला हवं होतं. मी काय पाहिलं? की तिचे डोळे मऊ येतायत. की फोकस चौदा इंच मागं रिकामा पडलाय. तीन दिवस उन्हात खुर्च्या सरकवल्या आणि ही आजच रेघेवर उभी राहिली! इकडं काकासाहेब छाती पुढं काढून दमले होते, सत्यमच्या वडिलांचं हसू ओघळायला लागलं होतं.

“आई, मागं सरक,” मी ओरडलो. “अर्धं पाऊल. मागं, मागं!”

वाजंत्री नेमकी थांबलेली होती. सगळ्या मंडपात ऐकू गेलं.

आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. काकू लांबूनच वाकून म्हणाल्या, “व्हय गं सरू, सरक जराशी.” काकासाहेबांनी मान डोलावली. सासूबाईंनी आपला खांदा आवरून घेतला. फक्त दीपानं माझ्याकडं बघितलं. तिचं ते बघणं मला सहन होईना, म्हणून मी तिच्यावरच डाफरलो, “दीपा, लेन्समध्ये बघ.”

आई मागं सरकली. एक फरशी आणि दोन बोटं, तेवढीच. मी पाच फोटो काढले.

लोक पांगले. मी तिथंच उभा राहून स्क्रीनवर फोटो मोठा केला. काकासाहेब विरले होते, मिशांसकट. मागचा टँकर उडाला होता, पातेली उडाली होती, जनरेटरचा नुसता निळा डाग. आणि कडेला आई. पापणीचा केस न् केस, कानातल्या फुलाचा खडा, ओठाच्या कोपऱ्यातली सुरकुती. मला हवा होता तसाच आला होता. इतका स्पष्ट की त्यात हसू विझल्यावर उरलेलं तोंड दिसत होतं.

आई माझ्याजवळ आली. “बघू, कसा आलाय?”

मी कॅमेरा पुढं केला. ती बराच वेळ बघत राहिली. स्वतःला ती असं बघत असल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

“चांगला आलाय की. तोंड बी दिसतंय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तूच म्हणला व्हतास ना रं, लायनीत उभी राह म्हणून. लई दिवस इचार केला. म्हणलं, पोरगं इतकं बोलतंय तर आज राहावं.”

मी तिला समजावायला लागलो. लेन्स वाकडी असते, फोकस उलट्या तव्यासारखा असतो, टोकाला उभं राहिलं की मागं जावं लागतं, ते तुझ्यासाठीच केलं होतं, गच्चीवरच्या खुर्च्या त्याच्यासाठीच होत्या. बोलत गेलो तसं सगळं अजूनच वेडगळ वाटायला लागलं. ती मान हलवत ऐकत राहिली.

“व्हय, व्हय. कळलं मला. तुझ्या कामाचं तुला ठाऊक. मी काय रागावले का?”

ती रागावलीच नव्हती. रागावली असती तर मी भांडलो असतो, माफी मागितली असती, काहीतरी केलं असतं. अकरा वर्षं ती आपल्या पायांनी मागं जात होती. ज्या दिवशी तिनं जायचं नाही असं ठरवलं, त्या दिवशी चारचौघांत तिला मागं हो म्हणणारा मी निघालो. आणि करायचं काय होतं? लेन्सवरची एक कडी फिरवायची होती. एक पॉइंट चारवरून आठवर. सम्यकनं सांगितलंही होतं. मागचा टँकर आला असता तर आला असता.

मी पळत जाऊन सगळ्यांना परत गोळा केलं. सत्यमचे वडील ताटावरून उठून आले. काकासाहेब म्हणाले, “आता काय नवीन?” मी कडी आठवर नेली.

“आई, आता लायनीत ये. पुढं ये, रेघेवर.”

“असू दे रं बाबा. हितंच बरी हाय मी.”

“नाही, तू पुढं ये. आता लेन्सला चालतं.”

“सगळे भुकेले हायेत, किसना. घे लवकर.”

दीपानं तिचा हात धरून ओढला. आईनं तो हलकेच सोडवून घेतला, दीपाच्या पाठीवर ठेवला आणि जिथं होती तिथंच राहिली. मी आणखी एकदा म्हणालो, “आई, ये ना.” तिनं नुसती मान हलवली आणि या वेळी हसली ती कॅमेऱ्याकडं बघून.

बैठकीत शेवटी तो दुसराच फोटो लावला. त्यात सगळं स्पष्ट आहे. टँकरवरचा गाडी नंबर वाचता येतो, पातेल्यांच्या कडा दिसतात, काकासाहेबांच्या मिशा शाबूत आहेत. चुन्याची पांढरी रेघ दिसते आणि रेघेवर टेकलेले सहाजणांचे पाय दिसतात. आई रेघेच्या मागं उभी आहे. घरी कुणी पाहुणे आले की ती त्यांना फोटोजवळ नेते आणि सांगते, “माझ्या पोरानं काढलाय.”